म्हातारीचे डोळे

नोएमी ग्वांचाला पास्तो शहरातल्या यच्चयावत चित्ररथांच्या पोटातला अंधार ठाऊक होता, पण सहा जानेवारीच्या सणाची मिरवणूक तिनं आयुष्यात एकदाही रस्त्यावर उभं राहून पाहिली नव्हती. सांगितलं तर लोकांना खोटं वाटायचं. नवव्या वर्षी बापानं तिला कागदी राक्षसाच्या पोटात बसवलं आणि हातात दोन दोर दिले. एक ओढला की राक्षसाचे डोळे डावीकडे, दुसरा ओढला की उजवीकडे. बाप गेला, थोरला भाऊ सेगुंदो कारागीर म्हणून नावाजला, नोएमी बाजारामागं रेडिओदुरुस्तीचं दुकान घालून बसली, तरी जानेवारी आला की ती पोटात आणि दोर हातात! सदतीस वर्षं. बाहेर लोक "व्हिवा पास्तो" म्हणून गावाचा जयजयकार करायचे आणि हिला दिसायच्या फक्त बांबूच्या कामट्या.

म्हणून तर तिनं डोळे मोटरवर फिरवायचं खूळ डोक्यात घेतलं. गेल्या वर्षी मोटर उलटसुलट फिरवायला रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे खटके, लावले होते. पण या सणात माणूस माणसावर पोतंपोतं पावडर उधळतो, वर फेसाचे फवारे. ती पावडर रिलेच्या टोकांत शिरली आणि दोन्ही बुबुळं जी नाकाला चिकटली, ती शेवटपर्यंत. "तिरळी, तिरळी!" करत पोरं मागून धावली. सेगुंदो आठ दिवस बहिणीशी बोलला नाही.

"यंदा शेवटची संधी," तो म्हणाला. "पुन्हा फसलं तर दोर. आणि दोर ओढायला तूच."

"आणि नाही फसलं तर?"

"तर उतर खाली आणि बघ बाई पोटभर."

झालं, नोएमीची झोप उडाली. तशी ती एका जागी बसणारी बाई नव्हतीच. जेवतानाही पाय हलायचा, बोटं टेबलावर ताल धरायची. आता तर तिला सगळीकडं तिरप्या जोड्याच दिसू लागल्या. चार ट्रान्झिस्टर, म्हणजे हलतं टोक नसलेले खटके, दोन डावीकडं, दोन उजवीकडं आणि मधोमध मोटर. डावीकडचा वरचा नि उजवीकडचा खालचा चालू केला की मोटर अशी फिरते. दुसरी तिरपी जोडी चालू केली की उलटी. टोकं घासायला नाहीत, पावडर अडकायला जागा नाही. फक्त एकाच बाजूचे वरखालचे दोघं एकदम चालू होता कामा नयेत, नाहीतर मोटर राहते बाजूला आणि बॅटरीचा सगळा जोर त्या दोघांतूनच धावतो. पहिल्या खेपेला तेच झालं. फाट्‌कन आवाज, धूर आणि जळका वास. मग तिनं दिशा बदलण्याआधी चौघांनाही क्षणभर गप्प बसवायची सोय केली. मोडक्या छपाईयंत्रातल्या दोन मोटरी यंदाच्या रथावरच्या लोकर कातणाऱ्या कागदी म्हातारीच्या डोळ्यांमागं बसल्या आणि बुबुळं डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं सरकू लागली. सेगुंदो बघतच राहिला. तोंडानं मात्र म्हणाला, "रस्त्यावर चालेल तेव्हा बोल."

पावडरीच्या धास्तीनं नोएमीनं सगळं सर्किट जेवणाच्या डब्यात घातलं आणि झाकणाच्या कडा मेणानं लिंपून टाकल्या. अति तिथं माती, दुसरं काय! मिरवणुकीत पहिल्या वळणापर्यंत आत बसायचं आणि मग उतरायचं, असं ठरलं होतं. वळणाआधीच तिनं डब्याला हात लावला आणि झटक्यानं मागं घेतला. पावडरीला वाट नाही म्हणजे वाऱ्यालाही नाही, हे एवढंसं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. डावा डोळा रेंगाळायला लागला.

"शाबास गं शहाणे!" तिनं स्वतःलाच शिव्या घातल्या, नखांनी मेण खरवडून झाकण काढलं, अंगावरच्या लोकरी शालीचा आडोसा केला आणि टोपीनं वारा घालायला सुरुवात केली. थांबली की चटका, घातला की डोळा पुन्हा चालू. वळण गेलं. दुसरं गेलं. बाहेर गर्जना चाललेली आणि ही आत, बांबूच्या कामट्या बघत. तिला रडू फुटलं. दोरांऐवजी टोपी, एवढाच काय तो फरक.

तिसऱ्या चौकात रथ थांबला तेव्हा सेगुंदोनं खालून डोकं आत घातलं.

"अजून इथंच? काय झालं?"

"डबा तापतोय. डोळे चालतायत ना?"

"चालतायत म्हणजे? लोक खुळे झालेत!"

"मग जा वर. लोकांना हात हलव. तुझं कामच ते."

तो गेला नाही. त्यानं तिची भाजलेली बोटं पाहिली आणि तो गुडघे करकरवत आत सरपटला.

"सरक. ती टोपी इकडं आण."

"दादा, वर तू नसलास तर लोक काय म्हणतील?"

"मी इतकी वर्षं हात हलवलाय, तुटला नाही तेवढंच. जा म्हणतो ना!"

"तारेला बोट लावशील तर बघ. आणि वारा थांबवू नकोस, नाहीतर..."

"निघ गं बाई! इथं पण बडबड!"

ती बाहेर पडली आणि उजेडानं तिचे डोळे दिपले. गर्दीतून कोपरं मारत, शिव्या खात ती पुढं धावली आणि एका बटाटेवालीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मनात डब्याची उष्णता मोजत होती, एक, दोन, तीन. रथ हलला. दोन मजली म्हातारी डुलत डुलत आली. बुबुळं डावीकडं गेली, क्षणभर थांबली आणि सावकाश उजवीकडं वळली. नोएमी मोजायचं विसरली.

"अगं बाई!" बटाटेवालीनं तिचा दंड धरला. "पाहिलंस? तिनं माझ्याकडं पाहिलं!"

तो डोळा किती वळतो आणि कुठं थांबतो, हे नोएमीइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

"छे हो," ती म्हणाली, "माझ्याकडं पाहिलं."