बाराची पंधरा

डॉक्टरने मला हात लावला नाही. टेबलावरची पेन्सिल उचलली, तिच्या मागच्या टोकाने माझा ओठ वर केला आणि दात मोजले. आधी वरचे, मग खालचे. बाजारात बैल घेणारा माणूससुद्धा बैलाच्या तोंडाला हात लावतो.

मग त्याने मला नाही, माझ्यामागे उभ्या असलेल्या मुकादमाला विचारलं, "किती लिहू?"

मुकादम म्हणाला, "चौदा नको साहेब. चौदाला साडेचार तासच काम देता येतं. पंधरा पुरी टाका. फुल ड्युटी करायची हाय तिला."

मी म्हणाले, "मी बारा वर्षांची हाय. शाळेत लिवलंय."

तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "तुमच्यात जन्मतारीख कोण लिहून ठेवतं गं? मास्तरने अंदाजे ठोकली असेल." आणि दाखल्यावर पंधरा लिहून शिक्का मारला. माझ्या ओठाला लागलेली पेन्सिल त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकली.

अख्खी पेन्सिल होती. वर्गात मी अर्ध्या बोटाएवढा तुकडा वापरायचे. अपमान झाला हे मला पुढे कळलं. त्या वेळी मला फक्त ती पेन्सिल उचलायची होती. उचलली नाही. मुकादम बघत होता.

आणीबाणी उठली त्याच्या आदल्या वर्षीचं हे. धामणकर नाक्याच्या मागे आमची बौद्धांची वस्ती होती. घरात आई आणि मी. बाप खोकून खोकून गेला. आई एका सेठच्या लूमच्या कारखान्यात झाडलोट करायची. बाप गेल्यावर एकीच्या मजुरीत दोघींचं भागेना, तेव्हा मुकादमच म्हणाला, पोरीला कांडीवर बसव. कांडी म्हणजे लूमवर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. मशीनवर ती भरायची, भरली की काढायची, दुसरी लावायची. दिवसभर. आईने त्याला माझं खरं वय सांगितलं होतं. तो म्हणाला, त्याची काळजी तू करू नको.

काळजी करायला डॉक्टर होता. चौदाच्या खालचं पोर कारखान्यात ठेवायचं नाही, असा कायदा होता. म्हणून आमच्या गल्लीतल्या सहा पोरी त्याच्याकडून एका आठवड्यात पंधरा वर्षांच्या होऊन आल्या. माझ्या शेजारच्या मशीनवर शेवंता होती. ती अकराची. तिला स्टुलावर बसून हात पुरायचा नाही, म्हणून ती उभीच राहायची. सरकारी इन्स्पेक्टर आला की मुकादम सहा दाखले पुढे करायचा. इन्स्पेक्टर कागद बघायचा. आमच्याकडे बघायचा नाही.

आठ महिने असे गेले.

एका दुपारी सूत गुंतलं. मशीन बंद करून सूत सोडवायचं असतं. पण बंद केलं की मुकादम ओरडायचा, म्हणून आम्ही सगळ्याच चालू मशीनमध्ये हात घालायचो. माझा हात पट्ट्यात गेला. उजव्या हाताची दोन बोटं. दुखल्याचं आठवत नाही. शेवंता किंचाळली, ते आठवतं. आणि पांढऱ्या सुतावरचा लाल रंग बघून मुकादम पहिलं काय बोलला, तेही. "माल बाजूला काढा."

हॉस्पिटलातून आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सेठने आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. इतक्या वर्षांत आई त्या ऑफिसच्या उंबऱ्याआत फक्त झाडू घेऊन गेली होती. त्या दिवशी तिला खुर्ची दिली. चहा आला. आई खुर्चीच्या कडेवर टेकली. पाठ टेकवायची हिंमत झाली नाही तिला.

सेठ गोड बोलला. पोरीचं वाईट झालं, नशीब. तुझं काम चालूच राहील. इन्स्पेक्टर चौकशीला येणार आहे, त्याला दाखवायला एक साधा कागद आहे. मुकादमाने शाईचा डबा उघडला आणि आईचा अंगठा धरून शाईत दाबला.

कागद माझ्यासमोर होता. मी पाचवी पास होते. वाचला.

"माझी मुलगी पंधरा वर्षे पूर्ण आहे असे खोटे सांगून मी दाखला मिळविला व मालकांची फसवणूक करून तिला कामास लावले."

दोनदा वाचला. आठ महिने मी पंधराची होते. हात कापला तशी परत बाराची झाले. आणि ह्या दोन्ही वयांची गुन्हेगार माझी आई.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. आईचा चेहरा बघवेना. तरी ती अंगठा मागे घेत नव्हती. काम जाईल, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. सेठ तिला म्हणाला, "पोरीला कशाला मधी घेतेस? लहान हाय, तिला काय कळतंय."

मी चांगल्या हाताने आईचा अंगठा धरला आणि माझ्या परकराला पुसला. शाई जाईना. मी घासत राहिले. मुकादमाने माझं मनगट पकडलं. मी त्याला म्हणाले, "डॉक्टरला किती लिवायचं ते तू सांगितलं. मी तिथंच उभी होती."

मुकादमाचा हात सुटला. सेठने चहाचा कप बाजूला सरकवला आणि म्हणाला, "उद्यापासनं दोघी येऊ नका."

घरी आल्यावर आईने मला मारलं. मग माझा बांधलेला हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. हेडमास्तर म्हणाले, तुझं नाव कधीच कमी केलंय. मी म्हटलं, नाव कमी केलंत, तारीख तर हाय ना? त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं. माझ्या हाताकडे बघत राहिले, आणि नक्कल लिहून दिली. बाप जिवंत असताना त्याने स्वतः सांगितलेली तारीख होती ती. ठोकलेली नव्हती.

इन्स्पेक्टर आला तेव्हा मी कारखान्याच्या दारात उभी होते. नक्कल दिली. पेन्सिलीचं सांगितलं, साडेचार तासांचं सांगितलं. त्याने लिहून घेतलं. आईवर केस झाली नाही. सेठला थोडाफार दंड झाला म्हणे. डॉक्टर म्हणाला, मुलगी अंगाने थोराड वाटली, अंदाज चुकला. त्याचा दवाखाना एक दिवस बंद राहिला नाही. मी थोराड! परकराची नाडी कमरेला दोनदा गुंडाळायचे मी.

आणि बाकीच्या पाच पोरींना सेठने इन्स्पेक्टर आला त्याच संध्याकाळी काढलं.

वस्ती आमच्यावर उलटली. शेवंताची आई दारात येऊन मला म्हणाली, "तुझी बोटं गेली ती गेली. माझी चूल कशाला इझवलीस?" आजही त्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. आई अंबाडी गावाकडे वीटभट्टीवर जायला लागली. मी शाळेत परत गेले, डाव्या हाताने अक्षर गिरवायला. सहावीच्या वर्गात पहिलीतल्या पोरीसारखी.

दोन महिन्यांनी शेवंता दुसऱ्या कारखान्यात लागली. मी तिला पाणी भरताना गाठलं. आता तिचं वय सोळा होतं. डॉक्टर तोच. तिने मला एवढंच सांगितलं आणि हंडा उचलून गेली.

मी रात्रभर विचार केला, असं म्हणणार नाही. विचार करण्यासारखं काही नव्हतं. सकाळी शाळा भरायच्या आधी हेडमास्तरांच्या दारात उभी राहिले आणि शेवंताच्या जन्मतारखेची नक्कल मागितली. तीही ह्याच शाळेतली. ते म्हणाले, "तू तिची कोण? तिची आई तुला शिव्या देईल."

मी म्हटलं, "देऊ दे."

"आणि तिचं काम गेलं तर तिच्या घरी चूल कोण पेटवणार? तू?"

"न्हाय सर. माझ्याच्याने न्हाय व्हनार. पन चूल पेटवायची म्हनून तिची बोटं पट्ट्यात घालायची हे कुनी ठरवलं, ते मला इन्स्पेक्टरला इचारायचंय."

मी हलले नाही. शेवटी रजिस्टर निघालं.

नक्कल घेऊन मी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जायला ठाण्याची एस्टी पकडली. शेवंता माझ्याशी परत बोलणार नाही, हे माहीत होतं. ती आजतागायत बोललेली नाही. तिच्यानंतर दुसरीची नक्कल काढली, मग तिसरीची. तो डॉक्टर जोवर शिक्के मारतोय, तोवर मी नकला काढणार होते. कुणी बोलो न बोलो.