विहिरीचं कडवं

"हे कडवं नको गं. इथे यूकेत आपण सगळे एकच आहोत."

असं म्हणून वहिनींनी माझ्या वहीतल्या दोन ओळींवर काट मारली. वहिनी म्हणजे आमच्या मराठी ग्रुपमधल्या मोठ्या डॉक्टरांच्या बायको. वही माझी. गाणं माझ्या आईचं. लंडनमधल्या हाउन्सलोच्या हॉलमध्ये ग्रुपच्या कार्यक्रमासाठी पंधरा जणींना मीच चाल शिकवली होती.

मग म्हणाल्या, "तू स्टेजवर नको. तुझे उच्चार वेगळे पडतात. तू चहाचं बघ."

मी बरं म्हणाले. त्या 'बरं'ची चीड अजून येते.

आई लोकांच्या रानात खुरपायची. तहान लागली की विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर पाणी. तिथं तिनं हे कडवं रचलं:

विहीर भरली गं, दोर नाही हाती
ओंजळ धरून उभी, वाढा म्हणू किती

सोमवारी स्लाऊच्या वेअरहाउसमध्ये एफुआला सांगितलं. एफुआ घानाची, माझ्या शेजारी पॅकिंग करते. तरुणपणी अक्राच्या एका बँडमध्ये गायची. तिची बहीण नवऱ्याच्या मारानं मेली. तिच्यावर एफुआनं गाणं केलं. बँडमास्तरनं बहिणीचं नाव गाळलं आणि रेकॉर्डवर स्वतःचं टाकलं. आता लंडनच्या लग्नांत लोक त्यावर नाचतात. एफुआ दरवेळी डीजेचा माईक मागते, बहिणीचं नाव सांगते. लोक हसतात. कित्येकांनी तिला बोलावणं सोडलं.

मी विचारलं, लाज नाही वाटत?

म्हणाली, "पहिल्या लग्नात मी गप्प बसले. मीही नाचले. त्याची वाटते."

कार्यक्रमात निवेदिका म्हणाली, पारंपरिक लोकगीत, रचनाकार अज्ञात. मी चहाचा ट्रे ठेवला. स्टेजवर गेले.

"अज्ञात नाही. गवराबाई. माझी आई."

आणि काटलेलं कडवं म्हटलं. एकटीनं. वहिनींनी माईक बंद करायला लावला. माझा आवाज रानात तयार झालेला, शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "इथेही हे आणलंच."

दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढलं. नवरा चिडला. म्हणाला, आता आपल्या मुलीला कोण बोलावणार?

मुलगी इथेच जन्मली. मोडकंतोडकं मराठी बोलते. तिनं विचारलं, "आजी पाणी का मागतो?"

मी सांगायला बसले. जातीसकट. गावासकट. ज्यांनी दोर दिला नाही, त्यांच्या आडनावांसकट. काही गाळलं नाही. गाळणारही नाही.