हिरडीतले रक्त कोणी दडवले?

माघातला दुसरा सोमवार : पोलादपूरच्या डोंगरातील आमच्या वाडीच्या शाळेत दंततपासणी शिबिर. होळीच्या दोन दिवस आधी : सुगंधावहिनींचा मला महाडला फोन. अक्षय्य तृतीयेची सकाळ : बिरवाडीला कारखान्यात असलेल्या पुतण्याचा फोन, "काका, आई गेली..." जबाबदार तिघे. शिबिर भरवणारे कार्यालय, तेथे तपासणी करणारे डॉक्टर आणि मी. माझे नाव तिसरे असले तरी मी सूट मागत नाही.

सुगंधावहिनी माझ्या थोरल्या भावाची पत्नी. भाऊ गेल्यावर दोन म्हशी आणि नाचणीचे शेत त्यांनी एकट्याने सांभाळले. वाडीतल्या बहुतेक बायकांप्रमाणे त्याही सकाळी तव्यावर तंबाखू भाजून तिची मिशेरी करीत आणि पायरीवर बसून बोटाने हिरड्यांना लावीत. शेजारची लक्ष्मी यायची, मग दोघींची तासभर बैठक. मी महाडच्या न्यायालयात कारकुनी केलेला माणूस; मला ते पाहवत नसे. मी बोललो की वहिनी काळ्या दातांनी हसत : "भावजी, तुमी कोर्टात तारखा द्या. माज्या तोंडाला नका देऊ."

त्यांना मधुमेह होता आणि दात हलू लागले होते. शिबिरात डॉक्टरांनी त्यांचे तोंड उघडून पाहिले, कागदावर 'तपासले' असे लिहिले, पेस्टची नळी दिली आणि पुढचे नाव पुकारले. मिशेरीबद्दल एक शब्द नाही, मधुमेहाबद्दल एक प्रश्न नाही. त्याच आठवड्यात मी त्यांना मऊ ब्रश नेऊन दिला. तो त्यांनी होळीच्या तोंडावर वापरायला काढला; होळीआधीचा फोन त्याबद्दलच होता.

"भावजी, तुमचा बुरूस वैरी हाय माजा. चार दिस झालं, रगत थांबत नाय."

मागून लक्ष्मीचा आवाज : "सांग त्यास्नी, मिशेरी लावली की रगत थांबतंय. तुमचा बुरूस म्हशीला घासा!"

मी हसलो आणि म्हणालो, "मग राहू दे काही दिवस." ते पाच शब्द मी आजही परत घेऊ शकत नाही... वहिनींनी ब्रश ठेवून दिला, पुन्हा मिशेरी लावली, आणि रक्त खरोखर थांबले. सगळ्या वाडीने मानले की दुखणे गेले. पुढे एका दाताशी पू झाला, सूज जबड्यावरून गळ्यात उतरली, श्वास कोंडला. महाडच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत उशीर झाला होता.

तिथल्या दंतवैद्य बाईंनी मला जे समजावले, ते कोणीतरी माघातच सांगायला हवे होते. दात आणि हिरडी यांच्या कडेला रोज एक मऊ थर साचतो. तो काढला नाही की त्याचे कठीण कीटण होते, हिरडी सुजते आणि खालचे हाड झिजते. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून रक्त दिसेनासे होते. रोग आत वाढतच राहतो. मधुमेहात तो अधिक वेगाने वाढतो. रक्त आले म्हणून घासणे थांबवायचे नसते. मऊ ब्रश दिवसातून दोनदा, हिरडीच्या कडेवर तिरका धरून, हलक्या हाताने फिरवावा. दातांच्या फटी स्वच्छ कराव्यात. मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरावी. पण कठीण झालेले कीटण घरी निघत नाही, ते दवाखान्यातच काढावे लागते. एवढेच. हे सांगायला पाच मिनिटेही पुरली असती.

मी कार्यालयाला तीन पत्रे लिहिली. एकाच पत्राला उत्तर आले : "शिबिर यशस्वीरीत्या पार पडले आहे."

गेल्या रविवारी वाडीवर गेलो. वहिनींच्या खोलीत खिडकीच्या फळीवर तो ब्रश होता, केस अजून सरळ, जेमतेम चार दिवस वापरलेला. बाहेर लक्ष्मी पायरीवर एकटी बसली होती. बोट काळे होते. तंबाखूने रक्त कसे दडते, ते दंतवैद्य बाईंचे बोलणे मी तिला सांगितले. तिने मान वर न करता विचारले, "भावजी, माजं बी रगत थांबलंय. म्हंजी मला बी हाय का ते?"

मी म्हणालो, असू शकेल. उद्याच महाडला चल. पण या वाडीत असे तोंड असलेल्या बायका आणखी किती, हे मला ठाऊक नाही. ज्यांनी त्या प्रत्येकीच्या नावापुढे 'तपासले' असे लिहिले, त्यांना ते ठाऊक असले पाहिजे. त्यांनी मला पत्र पाठवू नये. त्यांनी त्याच शाळेत यावे, या बायकांसमोर उभे राहावे आणि लक्ष्मीच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांना ऐकू जाईल असे द्यावे.