काळ्या पायांचा टिलवा

हिवाळ्यात आमच्या उंद्री गावाजवळच्या तलावावर दोन जातींचे टिलवे येतात. दोन्ही चिमणीएवढे, चिखलात चोच खुपसत फिरणारे. एकाचे पाय काळे, छाती पांढरीशुभ्र, आणि त्याला घोळका लागतो. दुसऱ्याचे पाय पिवळे, छाती मळकट, आणि तो एकटाच गवताच्या कडेनं दबकत चालतो. हे मला आमच्या ह्यांनी शिकवलं. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दुर्बीण घेतली आणि भाकऱ्या थापणाऱ्या बायकोला तलावावर ओढून नेलं. मी कुरकुरत गेले आणि अडकले.

गेल्या दिवाळीनंतर ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज किती उरली ते घरच्यांनीच बघा, असं डॉक्टर म्हणाले. मग मी तलावावर जाऊन गवताच्या कडेच्या एका टिलव्याचा मोबाइलवर फोटो काढला, पुस्तकातली दोन्ही चित्रं ह्यांच्यासमोर धरली आणि विचारलं, यातला कोणता? त्यांनी डाव्या हाताचं बोट पिवळ्या पायांच्या चित्रावर ठेवलं. फोटोत पाय काळेकुट्ट होते. पुन्हा विचारलं, बोट पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. ह्यांच्या खाटेला टेकूनच पुण्याच्या मुलीला फोन लावला. "तुह्या बाबाइले आता काही समजत नाही," मी म्हटलं. मग रोज तिथंच बसून तिच्याशी बोलायची. माझ्याच्यानं होत नाही, तुमच्याकडे नेऊन ठेवा, सुटले तर बरं. भाजी निवडता निवडता बोलावं तसं. ह्यांच्याशी बोलणं मात्र सोडून दिलं होतं.

दहाव्या दिवशी सवयीनं तलावावर गेले. तीच गवताची कड, तोच टिलवा, एकटाच. काळ्या मातीच्या गाळातून तो पाटाच्या नितळ पाण्यात उतरला आणि पलीकडे निघाला तेव्हा पाय पिवळे होते. आमच्या मातीत कोणाचे पाय काळे होत नाहीत? छाती मळकट आहे हे फोटोतही दिसत होतं, मीच पाय पाहत बसले होते.

घरी येऊन खाटेशी बसले. "तुमचं बराबर होतं," मी म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. नवऱ्याची समज शाबूत आहे हे कळल्यावर बाईला आनंद व्हायला हवा. मी मात्र दहा दिवसांत फोनवर बोललेलं एकेक वाक्य आठवत होते. तेही सगळं त्यांना समजलं होतं.