बाथरूमचा आपोआप लागणारा दिवा

आप्पा, म्हणजे माझे वडील, अंधाऱ्या बाथरूममध्ये पडले तेव्हापासून मला धास्ती बसली ती बसलीच. अर्धांगानं त्यांचा डावा हात गेलेला, खिडकी नाही, बटण बाहेर अन् उंचावर. अन् दिवा लावायला कुणाला हाक मारणं म्हणजे त्यांना मोठा कमीपणा! म्हणून मी सेन्सर आणला. माणूस आत शिरला की दिवा-पंखा सुरू, हालचाल थांबली की थोड्या वेळानं दोन्ही बंद.

वायरमन रोज "उद्या येतो की" म्हणायचा. वैतागून मीच हात घातला. मेन पाडला, इन्व्हर्टरही बंद केला, तरी वायरीला टेस्टर दोन-दोनदा लावून पाहिला. ओल्या भिंतीत करंट उतरला अन् उद्या आप्पांनी हात टेकला तर? बोर्डात करंट परतीची न्यूट्रल वायर नव्हती, ती पंख्याच्या डब्यातून ओढली. दिवा-पंख्याच्या वायरी जोडल्या, सेन्सर दारावर बसवला. आत-बाहेर करून पाहिलं. झकास चाललं.

मधे अडचण नको म्हणून पाण्याचं पिंप तेवढं बाहेर काढलं होतं. आमच्या सोलापुरात रोज पाणी कुठलं? पाण्याच्या दिवशी पिंप परत जागेवर ठेवलं, काठोकाठ भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आंघोळीला गेले. मी बाहेर दाढी करत होतो. दाराखालच्या फटीतला उजेड एकदम गेला. पंखाही थांबला. म्हणजे आत हालचाल नाही!

"आप्पा!" उत्तर नाही. "ओ आप्पा!" पाण्याचाही आवाज नाही. कानाचं मशीन त्यांनी बाहेर फळीवर काढून ठेवलं होतं, ते मला दिसतही होतं. तरी मन म्हणालं, गेले. कडी आतून. दारावर मुठी आपटल्या, सेन्सरला शिव्या घातल्या, सिद्धेश्वराला काय काय बोललो ते माझं मला ठाऊक. शेवटी खांदा घातला, तशी कडी उखडली.

मी आत पडलो अन् माझ्या हालचालीनं दिवा लागला. पंखा घरघरला. आप्पा पिंपाच्या मागे स्टुलावर बसले होते. दारावरच्या सेन्सरला नुसतं पिंप दिसत होतं, माणूस नाही! एवढं साधं माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. त्यांच्या अंगावर साबण तसाच होता, उजव्या हातानं बादलीची कडी गच्च धरलेली.

"अहो आप्पा, हात तरी हलवायचा! उठून उभं तरी राहायचं की!" मी रडत रडत त्यांच्या कानाशी ओरडलो.

शाळेतलं पोर मास्तरकडं बघतं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"न्हाय हललो बाबा," ते म्हणाले. "मी पडलो तवा तूच दम दिला हुतास की, लाईट गेली तर जागचं हलायचं न्हाय म्हणून. लई भ्या वाटलं. पर न्हाय हललो."