कौलमामांनी उघडं ठेवलेलं छप्पर

तर स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर जे अडलं, ते अडलंच. पुढेही जाईना, मागेही येईना. दवाखान्याचे दोघे घामाघूम, गाडीवाला खालून ओरडतोय, "तिरपं करा, तिरपं!" आणि स्ट्रेचरला बांधलेल्या अक्काच्या कमरेखाली जीव नसला तरी जिभेची धार जिथल्या तिथे. "अरे मेल्यांनो, मी माणूस आहे, कपाट नव्हे!"

अक्का म्हणजे कौलमामांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच धाकट्या भावाला न्हाऊमाखू घालून वाढवलं. त्या सकाळी मामांच्याच घरी, माळ्यावरच्या खोलीत तिचा पाय घसरला आणि ती पाठीवर आदळली. डॉक्टर वर येऊन तपासून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "कणा जरासुद्धा वाकता कामा नये. दुपारच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर पायांना आशा आहे." पण अक्का चांगली उंचापुरी, जिना वेलीसारखा वळणाचा आणि खिडकी हातभर. शेवटी तिला होती तशी परत खोलीत आणून ठेवलं.

आता कौलमामा कोण, तर पन्नास वर्षं दुसऱ्यांची घरं शाकारणारा माणूस. लोक नाव विसरले, कौलमामा एवढंच राहिलं. त्यांचा एकच नेम होता: सकाळी उघडलेलं छप्पर दिवेलागणीच्या आत बंद झालंच पाहिजे. सोयऱ्याचं असो की परक्याचं, कुणाच्या घरात त्यांनी एक रात्र आभाळ दिसू दिलं नाही.

त्या नेमापायी चर्चमध्ये दर वर्षी एक गंमत व्हायची. पाळकसाहेब शुभवर्तमानातली ती गोष्ट रंगवून सांगायचे. येशू एका घरात बोलतोय, दारात मुंगीला शिरायला वाव नाही, म्हणून चौघा मित्रांनी छप्पर उसकटून आपल्या लुळ्या सोबत्याला खाटेसकट खाली सोडलं. येशूने त्या चौघांचा विश्वास पाहिला आणि तो माणूस खाट उचलून चालत घरी गेला. लोकांचे डोळे पाणावलेले असायचे, तेवढ्यात मागच्या बाकावरून मामांचा आवाज यायचा, "ते सगळं खरं साहेब, पण छप्पर नंतर कुणी दुरुस्त केलं?" सगळे फसकन हसायचे. अक्का मात्र कोपराने ढोसायची. "गप रे! देवाच्या घरात तरी कौलं विसर."

तर त्या सकाळी मामा खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी वर पाहिलं. छप्पर त्यांच्याच हातचं. एकेक कौल पारखून, वाजवून घेतलेलं.

मामी म्हणाल्या, "अहो, वर काय बघताय? इथे माणूस पडलंय!"

"वाट बघतोय," मामा म्हणाले. "वाट वरूनच आहे."

हाताखाली तयार झालेले तिघे कारागीर निरोपासरशी धावत आले. चौथे मामा स्वतः. सत्तरीचा माणूस, पण शिडी चढला तो मांजरासारखा. भराभर कौलं उतरली. कौलांखालच्या लाकडी रिपांवर करवत चालली, तेव्हा मामींनी तोंडाला पदर लावला. नवऱ्याला त्यांनी तुटलेल्या रिपा सांधताना पाहिलं होतं, धडधाकट रिपा कापताना कधीच नाही. मग चौघांनी दोर लावून अक्काला स्ट्रेचरसकट वर ओढलं आणि बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या दोन शिड्यांवरून इंच इंच खाली सरकवलं. अर्ध्या वाटेवर अक्का म्हणाली, "गोष्टीतल्या माणसाला नुसतं खाली सोडलं होतं. माझ्या नशिबी आधी वर जाणंही आलं!"

"गप पड गं," मामा दोर मुठीत आवळून म्हणाले, "विश्वास धर."

"तो धरलाय. तू दोर धर!"

शस्त्रक्रिया वेळेत झाली. डॉक्टर म्हणाले, पायांत बळ येईलही, नाहीही येणार. अक्काला घरी आणून खालच्या खोलीत ठेवलं. एकोणिसाव्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. तेवढंच, पुढे आठवडाभर काही नाही. मामा रोज पहाटे तिचे पाय चोळायचे, मग दुसऱ्यांची घरं शाकारायला जायचे. आणि स्वतःच्या माळ्यावर खाटेएवढं भगदाड, वर नुसती ताडपत्री. शेजारी टोमणे मारायला लागले. कारागिरांनी, "आम्ही तासाभरात करून देतो," म्हणून पाहिलं. मामा कुणाला शिडी लावू देईनात.

पाळकसाहेब अक्काला भेटायला आले, तेव्हा जाता जाता मामांबरोबर माळ्यावर डोकावले. इतक्या वर्षांचं उट्टं काढायची आयती संधी! हसत म्हणाले, "काय कौलमामा, छप्पर कुणी दुरुस्त केलं?"

मामांनी ताडपत्रीची सुटलेली कड नीट खोचली आणि म्हणाले, "अजून कुणीच नाही साहेब. आमची अक्का आपल्या पायांनी हा जिना चढून येणार, कमरेवर हात ठेवून 'मेल्या, हे भगदाड अजून किती दिवस ठेवणार आहेस?' म्हणून मला झापणार. त्याच दुपारी कौलं चढवतो. ती बघा, आणून, पारखून रचून ठेवलीत."