टेसनाचा डोंगर

माझ्या सासरवाडीला रेल्वे नाही, पण स्टेशन आहे. तेही डोंगराच्या माथ्यावर.

हे मी थट्टेनं सांगत नाही, गाव अगदी गंभीरपणे सांगतं. नांदेड आणि लातूरच्या मध्ये, कंधार ओलांडून पुढं गेलं की बालाघाटच्या रांगेत हे गाव लागतं. नुसता रूळ बघायचा म्हटलं तरी एसटीत चांगला वेळ मोडतो. पण गावामागच्या डोंगराला सगळे ‘टेसन’ म्हणतात. शेळ्या घेऊन निघालेल्या बाईला कुठं विचारलं तर ती म्हणते, ‘टेसनाला.’ सीताफळं टेसनावरची गोड. मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला गावातले म्हातारे ऐकवतात, ‘टेसन आमच्याकडं हायच, तुमी निस्ती गाडी धाडा.’ निजामाच्या राजवटीत ते मंजूर झालं, वर दगडात गाडीचं चाक कोरून ठेवलं, मग राज्य बदललं आणि गाडी राहून गेली, असा सगळा इतिहास तिथं लहानथोरांना तोंडपाठ आहे. आणि या इतिहासाचे मुख्य वक्ते म्हणजे माझे सासरे.

माझी अडचण अशी की मी लातूरला शाळेत भूगोल शिकवतो.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बैठकीत हा इतिहास ऐकला आणि माझ्या जिभेला खाज सुटली. पाहुणेरावळे बसलेले, फराळाची ताटं समोर, अंगावर सासऱ्यांनीच केलेला कोरा सफारी. जावयानं गप्प बसावं एवढंही मला कळलं नाही. सासऱ्यांना म्हणालो, “मामा, आगगाडी डोंगर कशी चढणार? ते मोजणीचं स्टेशन असणार. नकाशे करणारे लोक उंच माथ्यावर खूण कोरतात, तिथं दुर्बीण लावून चारी बाजूंची अंतरं काढतात. त्या जागेला स्टेशन म्हणतात. नकाशात तिथं त्रिकोण असतो आणि त्रिकोणात टिंब.” वर दोन्ही हातांनी त्रिकोण करूनही दाखवला. बैठक हसली. मामांनी चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले आणि सावकाश विचारलं, “तुमी चढलाव का वर?”

“नाही.”

“मंग चढा एकडाव माज्यासंगं. अन् जो गलत निगंल, त्यानं पारावर हुबं राहून समद्या गावापुढं म्हनायचं, मी चुकलो.”

मी लगेच हो म्हणालो आणि एकवीस वर्षं चढलो नाही.

कारणांची मला कधी वाण पडली नाही. एका वर्षी पाय मुरगळला, एका वर्षी पित्त झालं, नंतर माझं पोटच एवढं पुढं आलं की वेगळं कारण सांगावं लागेना. दर दिवाळीला पाराजवळच मामा विचारायचे, “काय मास्तर, टेसनाला जायाचं का?” आणि पारावरची मंडळी परस्पर उत्तर द्यायची, “मास्तरची गाडी लेट हाय औंदाबी.” शेवटी मी लातूरहून त्या भागाचा नकाशा पैदा केला आणि मामांसमोर पसरला. गावामागच्या डोंगरावर स्पष्ट त्रिकोण, आत टिंब, शेजारी उंचीचा आकडा. मामांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. “कागदावर तर माजा सातबाराबी कदी बरोबर नसतो,” म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

यंदा मात्र त्यांनीच हट्ट धरला. पंच्याहत्तरी उलटलेली. “औंदा गेलो तर गेलो. फुडच्या साली गुडगे ऐकायचे न्हाईत.” पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सासूबाईंनी धपाटे बांधून दिले. बायकोनं दारातून तंबी दिली, “बाबांना हरवून आलात तर मी वाढणार नाही. आणि तुम्ही हरलात तर मला लातूरला तोंड दाखवायला जागा नाही. काय ते बघा.”

सह्याद्रीतले लोक आमच्या या डोंगराला टेकडीसुद्धा म्हणणार नाहीत. पण स्टाफरूमच्या जिन्यापलीकडं जो कधी चढला नाही त्याला तो पुरेसा उंच होता. मी खास नवे बूट घेतले होते. मामा धोतर सावरत, झिजलेल्या चपलांवर पुढं चालत होते. पहिल्याच चढाला माझा भाता सुरू झाला. मी उगाच एखाद्या झाडाजवळ थांबून म्हणायचो, “मामा, ही सीताफळं बघू जरा.” मामा वळून बघायचे. “बगा, बगा. भूगोलच हाय त्यो.” मग तेही थांबून खालच्या तुरीकडं बघत राहायचे. थांबले की डावा गुडघा चोळायचे, पण मी बघितलं की हात काढून घ्यायचे.

माथा सपाट निघाला. वाऱ्यानं आडवं झालेलं पिवळं गवत आणि मधोमध दगडांचा एक ढासळलेला ढीग. मामा थेट त्या ढिगापाशी गेले, चार दगड बाजूला सारले, उपरण्यानं माती झटकली. खडकात बांगडीएवढं वर्तुळ कोरलेलं होतं आणि त्याच्या बरोबर मध्ये टिंब.

मी गुडघ्यावर बसलो. इतकी वर्षं ज्याचा त्रिकोण फळ्यावर खडूनं काढत आलो ते पहिल्यांदा बोटानं चाचपलं आणि मला खरोखर आनंद झाला. शाळेतल्या पोरासारखा ओरडलो, “हेच ते! मामा, हेच! चाक नाही हे. मोजणीची खूण आहे.” पुन्हा त्रिकोण, पुन्हा दुर्बीण, सगळं सांगितलं. आता मामा कसे भांडतात याची वाट बघत राहिलो.

मामा दगडावर टेकले. “म्हाईत हाय,” म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“मोजनीचं हाय ते. माजाच बाप व्हता त्या सायबासंगं.”

मामांनी धपाट्यांची गाठ सोडली आणि तिच्याकडंच बघत बोलत राहिले. ते सात-आठ वर्षांचे असताना पायथ्याला मोजणीवाल्यांच्या राहुट्या पडल्या होत्या. त्यांचे वडील रोजानं लागले. दुर्बिणीची पेटी डोक्यावर घेऊन चढायची आणि मग वर दिवसभर झेंडा धरून उभं राहायचं, लांबच्या दुसऱ्या डोंगरावरून दुर्बिणीत दिसावा म्हणून. साहेब या जागेला स्टेशन म्हणत. वडील घरी येऊन टेसन म्हणत.

“साळंतली पोरं मला लई चिडवायची,” मामा म्हणाले. “तुजा बाप येडा झालाय, उनात हुबा राहून फडकं धरतो. म्या येक दिस म्हनलो, वर टेसन होऊन राहिलंय. गाडी येनार हाय, अन् झेंडा माज्या बापाच्या हातात राहनार. झालं. पोरं गप.”

“आणि निजाम?”

“निजाम म्या न्हाई आनला. म्या निस्ती गाडी सोडली. निजाम गावानं बसवला तीत.”

मी हसलो. मामा हसले नाहीत.

“बापाला समदे टेसनमास्तर म्हनाय लागले. मरस्तोवर. त्याला लई ग्वाड वाटायचं. राम राम टेसनमास्तर म्हनलं की असा ताठ व्हायचा. त्याच्या म्होरं मला खरं कदी सांगवलं न्हाई. तो गेल्यावर तर न्हाईच न्हाई.” त्यांनी अर्धा धपाटा माझ्या हातावर ठेवला. “आता खोटं घिऊन कुटं जाऊ? तुमी जितलाव. पारावर तुमीच सांगा. माज्या तोंडून निगत न्हाई.”

एकवीस वर्षं ज्या शब्दांसाठी मी तळमळलो ते शेंगदाण्याच्या चटणीसोबत माझ्या हातात आले होते आणि मी तो धपाटा परत फडक्यात ठेवला. मामांचा थोडा रागही आला. दिवाळीत मला टेसनावरून डिवचणारा माणूस सगळं जाणून होता. पण ताठ होणारा तो म्हातारा, ज्याला मी कधी बघितलंही नाही, डोळ्यांसमोरून हलेना. उतरताना दोन अवघड जागी मामांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

आम्ही वर गेल्याची बातमी गावभर झालेली होतीच. पारावर बसायला जागा नव्हती. न्हाव्यानं गिऱ्हाईक अर्धं सोडून दिलं होतं आणि तेही तसंच, एका गालाला साबण लावून आलं होतं. कोणीतरी ओरडलं, “आली, आली, मास्तरची गाडी आली!”

मामा कडेला जाऊन बसले आणि चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिले. मी पारावर चढलो. घसा खाकरला.

“मी चुकलो,” मी म्हणालो. “वर टेसन आहे. मी हात लावून बघितलं.”

शिट्ट्या झाल्या, एकानं टोपी उडवली. मामांनी झटकन वर बघितलं. तेवढ्यात मागून त्यांच्याच वयाच्या एका म्हाताऱ्यानं काठी टेकत विचारलं, “ते झालं मास्तर. पर गाडीचं काय?”

मामांची मान पुन्हा खाली गेली. मी मास्तर माणूस. जाणूनबुजून खोटं कधी शिकवलेलं नाही आणि तेव्हाही शिकवणार नव्हतो.

“सर्व्हे झालेला आहे,” मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं समाधानानं मान हलवली. “मंग हरकत न्हाई,” म्हणाला. रेल्वेच्या बाबतीत आमच्याकडं याच्यापुढचं उत्तर कोणी ऐकलेलं नाही, त्यामुळं पुढचा प्रश्नही कोणाला ठाऊक नव्हता. साबणवालं गिऱ्हाईक परत खुर्चीकडं गेलं. पार हळूहळू मोकळा झाला.

घराकडं जाताना मामांनी माझा हात धरला. सासऱ्यानं जावयाचा हात धरून गल्लीतून चालायची आमच्याकडं रीत नाही, पण त्यांनी तो दारापर्यंत सोडला नाही. बायको कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभी होती.

“काय झालं? कोण हरलं?”

“म्या,” चपला काढत मामा म्हणाले. “पर पारावर बोलू नको.”